पुरातत्त्वीय संशोधनाचे प्रकाशन आणि श्रेयाचा प्रश्न : पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

पुरातत्त्व हे पुराव्यावर आधारलेले शास्त्र आहे. शिलालेख, ताम्रपट, नाणी, स्तूप, लेणी व उत्खननात मिळालेल्या वस्तू ही या शास्त्राची साधने होत. परंतु साधन सापडणे आणि ते ज्ञानाच्या व्यवहारात येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. डोंगरातील कोरीव लेख दोन हजार वर्षे जागच्या जागी असतो. त्याचा ठसा, वाचन व अर्थ नियतकालिकात प्रसिद्ध होतो तेव्हाच तो इतिहासाचा पुरावा ठरतो. त्यानंतरच इतर अभ्यासक तो तपासू शकतात, त्यातील चूक दाखवू शकतात आणि त्यावर पुढील मांडणी करू शकतात. म्हणून पुरातत्त्वीय नियतकालिकांचा इतिहास हा या शास्त्राच्या घडणीचाच एक भाग मानावा लागतो.

हा इतिहास लिहिताना सामान्यतः संस्थापक, संपादक व अंकांची वर्षे यांची नोंद केली जाते. छापील निबंधावर कोणाचे नाव आले, कोणाचे आले नाही आणि ते का आले नाही, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. एकोणिसाव्या शतकात मुंबईतून प्रसिद्ध झालेल्या नियतकालिकांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कारण प्रकाशनाची भाषा इंग्रजी होती, विद्वत्सभांचे सभासदत्व मर्यादित होते आणि क्षेत्रात जाऊन प्रत्यक्ष लेख वाचणारे अनेक जण या दोन्हींच्या बाहेर होते. पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९-१८८८) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते.

निबंधाची उद्दिष्टे

१) मुंबईतील पुरातत्त्वीय नियतकालिकांच्या प्रारंभिक कार्याचा आढावा घेणे.
२) भगवानलाल इंद्रजी यांचे संशोधन कोणत्या टप्प्यांनी प्रसिद्ध झाले हे पाहणे.
३) भाषा, सभासदत्व व संपादन यांचा संशोधनाच्या श्रेयाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

मुंबईतील नियतकालिकांची पार्श्वभूमी

१८०४ मध्ये सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने मुंबईत लिटररी सोसायटी स्थापन झाली. पुढे ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीशी जोडली जाऊन तिची मुंबई शाखा बनली. या शाखेचे जर्नल १८४१ पासून निघू लागले. तत्पूर्वी १८३७ मध्ये कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचे वाचन पूर्ण केले होते आणि बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमधून ते विद्वानांपुढे आले होते. त्यामुळे पश्चिम भारतातील कार्ले, नाशिक, जुन्नर, कान्हेरी व अजिंठा येथील लेखांच्या अभ्यासाचा मार्ग खुला झाला. बाळशास्त्री जांभेकर यांच्यासारख्या मराठी विद्वानाने या जर्नलच्या आरंभीच्या काळातच ताम्रपटांच्या वाचनाचे काम केले. एतद्देशीय अभ्यासकाला या व्यवहारात स्थान मिळू शकते हे त्यातून दिसून आले. मात्र जांभेकर इंग्रजीत पारंगत होते ही बाब येथे लक्षात घ्यावी लागते.

विद्वत्सभेच्या जर्नलमध्ये निबंध येण्याची रीत ठरलेली होती. निबंध सभेत वाचला जाई, त्यावर चर्चा होई आणि नंतर तो छापला जाई. अर्थात सभेत निबंध वाचणारी व्यक्ती हीच त्याची लेखक ठरत असे. ज्याला सभेत प्रवेश नाही किंवा ज्याला इंग्रजीत निबंध मांडता येत नाही, त्याचे काम दुसऱ्याच्या निबंधातूनच पुढे येऊ शकत होते.

१८७२ च्या जानेवारीत जेम्स बर्जेस यांनी मुंबईतून 'इंडियन अँटिक्वरी' हे मासिक सुरू केले आणि या रीतीत बदल झाला. हे मासिक कोणत्याही एका सभेचे मुखपत्र नव्हते. ते खाजगी साहस होते, लेखकांना मानधन नव्हते आणि खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी बर्जेस यांना अनेकदा पदरचे पैसे घालावे लागत. भारतातील व युरोपातील अभ्यासकांना एकमेकांशी विचारविनिमय करता यावा हा मासिकाचा हेतू होता. पहिल्याच वर्षी रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा पतंजलीच्या कालनिर्णयावरील लेख त्यात आला. बर्लिनच्या वेबर यांनी त्यावर आक्षेप घेतले व भांडारकरांनी त्यांना उत्तर दिले. मुंबईतील एका संस्कृत अध्यापकाने युरोपातील ख्यातनाम पंडिताशी बरोबरीच्या नात्याने वाद करावा आणि तो दोन्ही खंडांतील वाचकांनी वाचावा, हे नियतकालिकामुळेच शक्य झाले.

पहिला टप्पा : नावाविना संशोधन (१८६२-१८७४)

भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म जुनागढ येथे झाला. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या एकाच शिळेवर अशोकाच्या आज्ञा, महाक्षत्रप रुद्रदामन् याचा लेख व स्कंदगुप्ताच्या काळातील लेख कोरलेले आहेत. बालपणापासून परिचयाच्या असलेल्या या शिळेनेच त्यांना लिपिशास्त्राकडे वळविले. प्रिन्सेप यांच्या अक्षरतक्त्याच्या आधारे ते जुनी अक्षरे स्वतःच वाचावयास शिकले. इंग्रजी शिक्षण त्यांना विशेष लाभले नव्हते. संस्कृत व प्राकृत या भाषांवर आणि हाताच्या अचूकतेवर त्यांची सारी भिस्त होती.

अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स यांच्या शिफारशीने ते १८६२ च्या सुमारास मुंबईस डॉ. भाऊ दाजी यांच्याकडे आले. मूळचे गोव्यातील मांद्रे येथील भाऊ दाजी हे मुंबईतील नामांकित वैद्य व विद्याव्यासंगी पुरुष होते. त्यांच्यासाठी भगवानलाल यांनी अजिंठा व पश्चिम भारतातील अन्य लेण्यांतील लेखांच्या प्रतिकृती तयार केल्या. पुढे मध्य व उत्तर भारत, ओरिसा आणि अखेरीस नेपाळ येथपर्यंत त्यांनी प्रवास केले. नाणी, हस्तलिखिते व ठसे यांचा मोठा संग्रह या प्रवासांतून निर्माण झाला.

या सामग्रीवर आधारलेले निबंध मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये भाऊ दाजींच्या नावाने प्रसिद्ध झाले. साहाय्यकाचा निर्देश झाला तरी त्यामुळे तो लेखक ठरत नसे. त्यात त्या काळच्या रीतीपेक्षा वेगळे काही नव्हते. युरोपीय अधिकारीही आपल्या हाताखालील शास्त्री-पंडितांकडून लेख वाचवून घेत आणि निबंध स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करीत. म्हणून हा दोष एका व्यक्तीच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. भाऊ दाजींनी या प्रवासांचा भार उचलला, १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात त्यांची संपत्ती गेल्यावरही हे काम बंद पडू दिले नाही, सामग्रीचा ऐतिहासिक अर्थ लावला आणि ती इंग्रजीत सभेपुढे मांडली. त्यांच्यावाचून हे लेख त्या काळी छापलेच गेले नसते. तथापि लेखापर्यंत जाणे, अंधाऱ्या लेण्यात झिजलेले अक्षर ओळखणे व त्याची विश्वसनीय प्रतिकृती उतरविणे हे केवळ यांत्रिक काम नव्हे. प्रत्येक अक्षराविषयी निर्णय घ्यावा लागतो व तो निर्णय म्हणजेच संशोधन होय. प्रकाशनाच्या तत्कालीन पद्धतीत या निर्णयाला लेखकत्वाचे स्थान नव्हते.

दुसरा टप्पा : अनुवादातून लेखकत्व (१८७४-१८८१)

मे १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन झाले. नेपाळच्या प्रवासाहून भगवानलाल परतले तेव्हा त्यांचा आश्रयदाता हयात नव्हता. याच सुमारास योहान गेओर्ग ब्यूलर यांच्याशी त्यांचा विद्याविषयक संबंध दृढ झाला. ब्यूलर १८६३ पासून मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते व भगवानलाल यांची योग्यता त्यांनी ओळखली होती. भगवानलाल आपले लेख गुजरातीत लिहीत. ब्यूलर त्यांचे इंग्रजी रूपांतर करीत व आवश्यक तेथे स्वतःची टिपणे स्वतंत्रपणे जोडीत. लेखावर भगवानलाल यांचे नाव असे.

वरवर पाहता ही बाब लहान वाटते, परंतु तिचे परिणाम मोठे झाले. १८७७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त भगवानलाल यांचा प्राचीन नागरी अंकचिन्हांवरील निबंध ब्यूलर यांच्या टिपणासह प्रसिद्ध झाला. जुन्या लेखांत एकक, दशक व शतक यांसाठी स्वतंत्र चिन्हे वापरली जात आणि त्यांचे रूप अक्षरांशी निगडित होते, असे त्यांनी दाखविले. नाणेघाटातील लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणांच्या ज्या संख्या आहेत, त्यांचाही त्यांनी अभ्यास केला होता. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या घाटातील सातवाहन राजघराण्याच्या लेखाचे महत्त्व अंकचिन्हांचे मूल्य निश्चित झाल्यानंतरच पूर्णपणे लक्षात आले.

१८७८ मध्ये त्याच मासिकात रुद्रदामन् याच्या जुनागढ येथील लेखाची नवी आवृत्ती भगवानलाल व ब्यूलर यांच्या नावाने आली. या लेखाचा प्रकाशनेतिहास पाहण्याजोगा आहे. प्रथम प्रिन्सेप, नंतर भाऊ दाजी, नंतर एगेलिंग, त्यानंतर भगवानलाल-ब्यूलर आणि पुढे 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात कीलहॉर्न अशा क्रमाने त्याची वाचने प्रसिद्ध झाली. प्रत्येकाने आधीच्या वाचनाचा निर्देश केला, काही स्वीकारले व काही सुधारले. ज्या शिळेच्या सान्निध्यात भगवानलाल वाढले, तिच्या वाचकांच्या मालिकेत त्यांचे नाव याप्रमाणे कायमचे नोंदले गेले.

नेपाळमधील लेख १८८० मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'तूनच प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी बर्जेस व भगवानलाल या दोघांच्या नावाने पश्चिम भारतातील लेण्यांतील कोरीव लेखांचा संग्रह पश्चिम भारत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मालेत निघाला. सरकारी सर्वेक्षणाच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर इंग्रजी शिक्षण नसलेल्या एका पंडिताचे नाव सहलेखक म्हणून यावे, ही पूर्वीच्या दोन दशकांच्या तुलनेत मोठी मजल होती.

तिसरा टप्पा : स्वतंत्र मान्यता (१८८२-१८८८)

१८८२ च्या एप्रिल महिन्यात भगवानलाल यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील सोपारे येथील 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. तेथे विटांचा स्तूप, त्याच्या गर्भात दगडी पेटी, तीत एकात एक ठेवलेले करंडक व भोवती आठ बुद्धमूर्ती मिळाल्या. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणेही सापडले. याच परिसरात अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडा त्यांना मिळाला. या सर्वांचे वर्णन मुंबई शाखेच्या जर्नलमध्ये त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. हे वर्णन छापून उपलब्ध राहिल्यामुळे १८८२ च्या शोधाचा धागा तुटला नाही. १९५६ मध्ये सोपाऱ्याजवळील भुईगाव येथे नवव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला, तेव्हा त्याचे महत्त्व त्वरित समजू शकले.

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली तयार होत असलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठीही भगवानलाल यांनी लेखन केले. १८८३ च्या नाशिक खंडातील पांडवलेण्यांचे वर्णन व लेखांचे वाचन त्यांचे आहे. नाशिकच्या लेखांवर भांडारकरांचा निबंध १८७४ च्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेसाठी लिहिला गेला होता. नंतर सेनार यांनी तेच लेख 'एपिग्राफिया इंडिका'त पुन्हा संपादित केले. एकाच लेण्यातील लेखांवर तीन अभ्यासकांची वाचने उपलब्ध असल्यामुळे गौतमीपुत्र सातकर्णी व नहपान यांच्या संघर्षाचा इतिहास अधिकाधिक नेमका होत गेला.

१८८३ मध्ये लायडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी भगवानलाल यांनी ओरिसातील हाथीगुंफा लेखाचे वाचन सादर केले. ते १८८५ मध्ये छापले गेले. आधीच्या वाचनांत राजाचे नावही नीट लागले नव्हते. ते 'खारवेल' असल्याचे प्रथम भगवानलाल यांनी दाखविले. या लेखात मौर्यकालगणनेतील १६५ व्या वर्षाचा उल्लेख असल्याचे त्यांचे मत मात्र पुढील अभ्यासकांनी स्वीकारले नाही. येथे प्रकाशनाचे खरे मूल्य दिसते. राजाच्या नावाचे वाचन टिकले व कालगणनेचे वाचन गळून पडले. दोन्ही गोष्टी छापील वाचन सर्वांसमोर असल्यामुळेच घडू शकल्या. १८८४ मध्ये लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

अप्रकाशित राहिलेले काम व मरणोत्तर प्रकाशन

मार्च १८८८ मध्ये मुंबईत वाळकेश्वर येथे भगवानलाल यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे बरेच काम अपूर्ण अथवा अप्रकाशित होते. त्यापैकी मथुरेच्या सिंहशीर्षाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. खरोष्ठी लिपीतील लेख सर्वांगावर कोरलेले हे शीर्ष त्यांना १८६९ मध्ये मथुरेत शीतलेच्या एका स्थानाच्या पायऱ्यांत बसविलेले आढळले. ते त्यांनी मुंबईस आणले. शकक्षत्रपांच्या इतिहासाचे हे पहिल्या प्रतीचे साधन असूनही त्याचे वाचन ब्यूलर यांच्या संपादनाने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये १८९४ मध्ये आले. म्हणजेच शोध व प्रकाशन यांत पंचवीस वर्षांचे अंतर पडले. या काळात ही वस्तू अस्तित्वात होती, परंतु शकक्षत्रपांविषयीच्या चर्चेत ती पुरावा म्हणून येऊ शकत नव्हती.

पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरील त्यांचा निबंध रॅप्सन यांनी त्यांच्या टिपणांवरून सिद्ध करून १८९० मध्ये प्रसिद्ध केला. गुजरातच्या प्राचीन इतिहासावरील लेखन जॅक्सन यांनी पूर्ण केले व ते १८९६ मध्ये गॅझेटियरच्या पहिल्या खंडात आले. या तिन्ही ठिकाणी संपादकांनी मूळ कर्तृत्व भगवानलाल यांचेच असल्याचे नमूद केले. १८६० च्या दशकातील रीतीशी तुलना करता हा फरक स्पष्टपणे जाणवतो. जिवंत साहाय्यकाचे नाव ज्या व्यवहारात निबंधाच्या शिरोभागी येत नव्हते, त्याच व्यवहारात तीन दशकांनंतर दिवंगत संशोधकाचे नाव अपूर्ण टिपणांवरही जपले गेले.

भगवानलाल यांनी आपली नाणी व लेख ब्रिटिश म्युझियमला दिले. हस्तलिखिते मात्र मुंबई शाखेला देऊन ती भाऊ दाजींच्या हस्तलिखितांजवळ ठेवावीत अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात व्यक्त केली. गुरूविषयीचा आदर त्यांनी अखेरपर्यंत जपला हे यावरून दिसते. योगायोगाने भाऊ दाजींच्या विखुरलेल्या निबंधांचा संग्रहही त्याच वर्षी, १८८८ मध्ये, कलकत्त्याहून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

प्रकाशनाची भाषा आणि मराठी परंपरा

भगवानलाल यांना ब्यूलर मिळाले. सर्वांना ते मिळाले नाहीत. ज्यांचे ज्ञान देशी भाषेत राहिले व ज्यांना अनुवादक लाभला नाही, अशा शास्त्री-पंडितांचे श्रम इतरांच्या निबंधांत मिसळून गेले. या परिस्थितीला महाराष्ट्रातून वेगळे उत्तर दिले गेले. १९१० मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे व खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. राजवाडे यांनी संशोधन मराठीतच मांडण्याचा आग्रह धरला. मंडळाच्या प्रकाशनांमुळे कागदपत्रे शोधणाऱ्या गावोगावच्या अभ्यासकांना स्वतःच्या नावाने व स्वतःच्या भाषेत लिहिण्याची जागा मिळाली. अर्थात या मार्गालाही मर्यादा होती. मराठीत प्रसिद्ध झालेले संशोधन इतर प्रांतांत व परदेशांत फारसे पोहोचले नाही.

दोन्ही भाषांत लिहून ही दरी कमी करण्याचे कार्य महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. सातवाहन व पश्चिमी क्षत्रप यांचे कोरीव लेख त्यांनी १९७९ मध्ये मराठी ग्रंथरूपाने उपलब्ध करून दिले. नाणेघाट व नाशिक येथील जे लेख भगवानलाल यांनी इंग्रजी वाचकांसमोर आणले होते, ते सुमारे एका शतकानंतर मराठी वाचकाला मूळ पाठासह स्वभाषेत वाचता आले. हे लेख महाराष्ट्राच्या भूमीतील आहेत ही गोष्ट लक्षात घेता हा विलंब विचार करावयास लावणारा आहे.

'इंडियन अँटिक्वरी' १९३३ मध्ये बंद पडले. १८९२ पासून खंडरूपाने सुरू झालेली 'एपिग्राफिया इंडिका', १९४६ मधील 'एन्शंट इंडिया', तसेच 'पुरातत्त्व' व 'मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट' यांसारख्या नियतकालिकांनी ही परंपरा पुढे नेली. ठशाचे छायाचित्र, पाठ, अनुवाद व पूर्ववाचनांचा आढावा एकत्र देण्याची शिस्त या परंपरेनेच रुजविली.

निष्कर्ष

१) पुरातत्त्वीय साधनाला पुराव्याचे स्वरूप प्रकाशनाने प्राप्त होते. मथुरेच्या सिंहशीर्षाबाबत झालेला पंचवीस वर्षांचा विलंब हे याचे ठळक उदाहरण होय.

२) एकोणिसाव्या शतकात लेखकत्व हे केवळ संशोधनावर नव्हे, तर इंग्रजी भाषा व विद्वत्सभेतील प्रवेश यांवर अवलंबून होते. त्यामुळे क्षेत्रकार्य करणाऱ्यांचे श्रेय अनेकदा अव्यक्त राहिले.

३) ही स्थिती बदलण्यात संपादक व अनुवादक यांची भूमिका निर्णायक ठरली. मूळ लेखकाचे नाव कायम ठेवून अनुवाद छापण्याच्या पद्धतीमुळे भगवानलाल यांचे कार्य विद्वज्जगतात त्यांच्या नावाने पोहोचले.

४) वाचन प्रसिद्ध झाल्यामुळेच त्यातील योग्य भाग टिकतो व सदोष भाग दुरुस्त होतो. हाथीगुंफा लेखाच्या वाचनात या दोन्ही प्रक्रिया आढळतात.

आजही पुरातत्त्वीय स्थळाची पहिली माहिती पुष्कळदा स्थानिक शिक्षक, शेतकरी, गिरिभ्रमण करणारे तरुण वा हौशी अभ्यासक यांच्याकडून मिळते. स्थळ कोणी दाखविले, ठसा कोणी घेतला व प्राथमिक वाचन कोणी केले, याची नोंद शोधनिबंधात नावानिशी होणे हा शिष्टाचाराचा भाग समजला जातो. वस्तुतः तो पुराव्याचाच भाग आहे. कारण साधन कोणाच्या हातून व कोणत्या मार्गाने आले हे समजल्याशिवाय त्याची विश्वसनीयता तपासता येत नाही. महाविद्यालयीन नियतकालिकांनी हा संकेत काटेकोरपणे पाळला आणि स्थानिक साधनांवरील लेखन मराठीत, इंग्रजी सारांशासह, प्रसिद्ध करण्यास प्रोत्साहन दिले, तर भगवानलाल यांना जे स्थान मिळण्यास पंधरा वर्षे लागली, ते ग्रामीण भागातील अभ्यासकाला त्याच्या पहिल्याच लेखात मिळू शकेल.